चिऱ्याची जुनी शाळा पाडायची आहे: लाकडाचा सौदा आणि पाडकाम वेगळं ठेवा

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: हर्णैजवळच्या वाडीतली जिल्हा परिषदेची चिऱ्याची (जांभ्या दगडाची) शाळा, पुढे नंतर जोडलेला स्लॅबचा व्हरांडा, लागून चालू अंगणवाडी. निर्लेखन, म्हणजे इमारत वापरातून काढून पाडायची परवानगी, मंजूर झालंय. ठेकेदार म्हणतोय, लाकूड, कौलं, चिरे मला द्या, जेसीबी लावून दोन दिवसांत जागा मोकळी करतो, पंचायतीला खर्च नाही.

हा सौदा करू नका. ज्याची कमाई सागाच्या तुळयांत आहे, तो आधी तुळयांनाच हात घालणार. चिऱ्याच्या भिंतीत सळई नसते. ती स्वतःच्या वजनावर उभी असते आणि वरच्या कैच्या (छपराचे त्रिकोणी लाकडी सांगाडे) आणि तुळया तिला समोरच्या भिंतीशी धरून ठेवतात. लाकूड ओढून काढलं की टोकाच्या उंच त्रिकोणी भिंतीला काहीच आधार उरत नाही. म्हणून सामानाचा लिलाव वेगळा आणि पाडकामाचे पैसे वेगळे. करारात कामाचा क्रम लिहून घ्या. इमारती पाडण्याच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक 4130 आहे, तेच करारासोबत जोडा.

क्रम म्हणजे बांधलं त्याच्या उलट. कौलं दोन्ही पाख्यांवरून सारखी उतरवायची, एक बाजू पूर्ण रिकामी करून नाही, नाहीतर कैचीवर एकतर्फी भार येतो. मग रिपा, वासे. कैच्या निघाल्या की त्याच दिवशी त्रिकोणी भिंती वरून थर-थर उतरवा. रात्रभर तशा उभ्या ठेवू नका. निसर्ग वादळात (3 जून 2020) छप्पर उडून तिथे सिमेंटचे पत्रे आले असतील तर ते हातोड्याने फोडू नका, बहुतेकांत अॅस्बेस्टॉस असतो. पाणी मारून, मास्क लावून अख्खे उतरवायचे.

खरी काळजी व्हरांड्याची. खाऱ्या हवेत सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. वरून बरा दिसणारा स्लॅब आतून किती उरलाय ते कळत नाही. त्यामुळे खाली टेकू दिल्याशिवाय वर माणूस चढवू नका. फोडलेला राडारोडा वर साठू देऊ नका. शाळेच्या वर्गाचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 300 किलो वापरभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून करतात, आणि फूटभर राड्याचं वजन तेवढ्याच जागेत 450 किलोच्या आसपास जातं. खिडक्यांवरचे छज्जेही आधी टेकू देऊन काढा. वरच्या भिंतीच्या दाबावरच ते टिकलेले असतात. भिंत आधी काढली तर छज्जा खालच्या माणसावर येतो.

जेसीबीला माझा विरोध नाही. भिंती कमरेइतक्या राहिल्या की आणा, जोतं उकरायला तोच हवा. पण त्याआधी शौचालयाची टाकी आणि जुनी विहीर कुठे आहे ते गावातल्या जाणत्या माणसांना विचारून खुणा करा. झाकण नुसत्या मातीखाली गेलेलं असतं आणि मशीन त्यात बसतं.

वीज फक्त मेन स्विच खाली करून बंद होत नाही. महावितरणकडून खांबावरूनच जोडणी तोडून घ्या, लेखी.

अंगणवाडी तेवढे दिवस दुसरीकडे हलवाच, समाजमंदिरात किंवा कुणाच्या पडवीत. कामाच्या वेळेत मुलं नसतील, असं तोंडी आश्वासन पुरेसं नाही. तिच्या भिंतींवरच्या सध्याच्या भेगांचे तारखेसह फोटो काढून पंचनामा करा, म्हणजे नंतर भांडण नको. मी स्वतः इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतरावर दोरी आणि पत्रे लावायला लावतो.

वेळ दिवाळीनंतरची धरा. पावसाने भिजलेला चिरा जड होतो आणि कमजोरही, तेव्हा सप्टेंबरात घाई नको.

चांगले चिरे गडग्याला (कुंपणाच्या दगडी भिंतीला), जोत्याला पुन्हा लागतात, ते वेगळे रचून ठेवा. उरलेला राडा खाडीकाठी किंवा कांदळवनात ओतायला कुणी "भराव होईल" म्हणून सुचवेल. ते बेकायदा आहे, गुन्हा पंचायतीच्या अंगावर येईल. टाकायची जागाही करारात नाव घेऊन लिहा.

अंगणवाडी आणि शाळेची भिंत सामाईक आहे की मध्ये फट आहे, ते आणि भिंतीची उंची कळवा. सामाईक असेल तर टेकू लावल्याशिवाय त्या बाजूला एकही चिरा हलवू नका.