'मीरा'ला इंग्रजीत यमक कुठलं?

प्रश्न एका मावशीचा आहे. बहीण लंडनजवळ राहते, भाची मीरा पुढच्या महिन्यात एक वर्षाची होतेय. मावशीनं हौसेनं इंग्रजीत चार ओळी रचल्या आणि 'मीरा'ला 'कॅमेरा' आणि 'ऑपेरा' जुळवले. बहिणीच्या तिकडच्या मैत्रिणीला ओळी आवडल्या, पण यमक काही तिला ऐकू येईना. मावशी विचारते, "'रा'ला 'रा' आहे, मग बिघडलं कुठे? आणि हे चालत नसतील तर चालणारे शब्द कोणते?"

मावशीचा कान चुकलेला नाही. तो मराठी कान आहे, एवढंच. आपण यमक मोजतो ते शेवटच्या अक्षरावर. 'ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा' यात जुळतो तो फक्त 'सा'. पुढे 'पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा'. इथे तर ट आणि ठसुद्धा वेगळे, पण पिढ्यान् पिढ्या पोरं भिजत हे म्हणताहेत, कुणाला कधी खटकलं नाही. त्या हिशेबानं 'मीरा' आणि 'कॅमेरा' अगदी पक्कं यमक आहे.

इंग्रजीत शेवटचं अक्षर पुरत नाही. तिथे शब्दातल्या एका अक्षरावर जोर पडतो आणि यमक त्या जोराच्या स्वरापासून सुरू होतं. तिथून शेवटापर्यंत सगळं जुळावं लागतं. 'मीरा'त जोर 'मी'वर, म्हणून 'ई' आणि पुढचा 'रा' दोन्ही हवेत. 'कॅमेरा'त जोर 'कॅ'वर पडतो. इंग्रज माणूस तो शब्द बहुतेक वेळा 'कॅम्रा' असाच म्हणतो, आपला ठसठशीत 'मे' त्याच्या तोंडी उरतच नाही. 'ऑपेरा'चंही तसंच, 'ऑप्रा'. हे शब्द एकदा मोठ्यानं तसे म्हणून पाहा आणि लगेच 'मीरा' म्हणा. मैत्रिणीला यमक का ऐकू आलं नाही ते कानालाच कळेल.

आणखी एक अट आहे, आणि मला ती फार गमतीची वाटते. जोराच्या स्वराआधीचं व्यंजन मात्र वेगळं असावं लागतं. ग्रीक पुराणात सिंहाचं डोकं, बकरीचं धड आणि सापाची शेपटी असलेला एक प्राणी आहे, 'कायमीरा'. यातही जोर 'मी'वरच. आपल्याला वाटेल, याहून चांगलं काय मिळणार, अख्खा 'मीरा' त्यात आलाय! इंग्रजी कानाला मात्र ते यमक न वाटता तोच शब्द पुन्हा आल्यासारखं वाटतं. आपल्या परंपरेत नेमकं उलट आहे. तीच अक्षरं तशीच पुन्हा यावीत आणि अर्थ मात्र वेगळा निघावा, हेच तर यमक अलंकाराचं वैभव. मोरोपंतांनी आर्यांमध्ये त्यावर केवढे कष्ट घेतले!

आता शब्द. भाची लंडनकडे वाढतेय हे मावशीचं नशीब, कारण दक्षिण इंग्लंडच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा 'र' उच्चारत नाहीत. 'डिअरर' हा शब्द तिथे 'डिअरा'सारखा ऐकू येतो, शेवटचा स्वर तोंडातल्या तोंडात. 'मीरा'चा शेवटही त्यांच्या तोंडी तसाच. म्हणून डिअरर, निअरर, क्लिअरर हे तिन्ही शब्द 'मीरा'ला बिनचूक बसतात, आणि अर्थानंही किती गोड: अधिक लाडकी, अधिक जवळ, अधिक स्वच्छ! ही बोली बोलणारे 'मीरा अँड मम्मी' म्हणताना मध्ये नकळत एक 'र' घालतात, 'मीरर अँड'. त्यांच्या कानाला हे दोन शेवट एकच आहेत याचा याहून चांगला पुरावा नको.

मी अशी जोडी करून पाहिली:

एव्हरी मॉर्निंग, ब्राइटर, क्लिअरर,
कम्स द साउंड ऑफ लिट्ल मीरा.

शिवाय 'लिरा' हे नाणं, काळ या अर्थाचा 'इअरा' (आपण एरा म्हणतो तो), आणि 'मदीरा'. मदीरा केक हा तिकडचा जुना, घट्ट पोताचा साधा केक, वाढदिवसाचे सजवलेले केक पुष्कळदा त्याच्यावरच उभे करतात. तेव्हा हा शब्द ओळीत आणाच. नावावरून आपल्याला मदिरा आठवते, पण आपल्या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये 'मदैरा' म्हणजे लाकूड. त्यावरून बेटाचं नाव, बेटावरून तिथल्या वाइनचं, आणि त्या वाइनबरोबर खायचा म्हणून केकचं.

हीच कविता न्यू जर्सीतल्या मीरासाठी असती तर 'क्लिअरर' चाललं नसतं, कारण अमेरिकेत शेवटचा 'र' खणखणीत उच्चारतात. स्कॉटलंडमध्येही तेच. यमक शोधून देणारी काही साधनं कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या उच्चारकोशावर चालतात. त्यात सव्वा लाखाहून जास्त शब्द आहेत, पण उच्चार अमेरिकी. तिथे लंडनची जोडी सापडली नाही तर ती चुकीची आहे असं समजू नका.

दोन्हीकडे चालेल अशी एक युक्ती आहे: एका शब्दाऐवजी दोन शब्दांचं यमक. 'निअर' आणि पुढचा छोटा 'अ' मिळून 'निअर-अ' होतो आणि तो 'मीरा'ला जुळतो.

लीव्ह नो बिस्किट्स लाइंग निअर अ
हंग्री गर्ल हूज नेम इज मीरा.

मला ही जोडी पहिलीपेक्षा जास्त आवडते. पहिली ओळ 'अ'वर अर्धीच थांबते, वाचणारा पुढे काय म्हणून थबकतो, आणि मग मीरा येते.

लिहिण्याआधी एक मात्र करा. बहिणीला फोन लावून विचारा, पाळणाघरातल्या बाई तिला काय हाक मारतात. नावाचं स्पेलिंग 'एम-आय-आर-ए' असेल तर कुणी 'मायरा'ही म्हणत असेल, आणि मग वरचा एकही शब्द उपयोगाचा नाही. तसं असेल तर कळवा, 'मायरा'ची यादी वेगळी करावी लागेल.