डब्लिनमध्ये मुलीसाठी आयरिश नृत्याचा क्लास कसा निवडावा?

तुम्ही विचारलंय की नुकतेच डब्लिनला आलोय, सात वर्षांच्या मुलीला आयरिश नृत्य शिकायचंय, क्लास कसा शोधावा. माझी मुलगी इथेच शिकते, म्हणून सांगते.

आधी शिक्षकांकडे 'टीसीआरजी' ही पात्रता आहे का, ते विचारा. 'कोमिशून ले रिंकी गेलाखा' ही या नृत्याची सर्वात मोठी संस्था परीक्षा घेऊन ती देते. शिक्षकांची यादी तिच्या संकेतस्थळावर मिळते. इतर संस्थाही आहेत, पण क्लास ज्या संस्थेचा, साधारण तिच्याच स्पर्धांत मूल उतरतं, म्हणून हे आधीच विचारून घ्या.

मग एक तास प्रत्यक्ष बसून बघा. माझ्या मुलीच्या बाई खाली वाकून प्रत्येक मुलाचं पाऊल हाताने बाहेर वळवतात, हात शरीरालगत सरळ आहेत का बघतात, आणि मगच संगीत लावतात. असं लक्ष वीस मुलांच्या गर्दीत मिळत नाही. जमीन लाकडी हवी. काँक्रीटवर उड्या मारून नडग्या दुखतात, हे मी अगदी कळकळीने सांगते.

सुरुवातीला रील आणि लाइट जिग हे नाचाचे प्रकार शिकवतात, तेही मऊ बुटांत. कडक बूट नंतर. स्पर्धेला, म्हणजे 'फेश'ला, कधी नेणार आणि त्याचा खर्च किती, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा. वरच्या पातळीवरचा एकेक पोशाख हजार युरोंच्या पुढे जातो. नवशिक्या मुलीला मात्र साधा स्कर्ट पुरतो, कोणी पहिल्याच वर्षी महागडा ड्रेस घ्यायला लावत असेल तर दुसरा क्लास बघा.