मुंबईत मल्टिप्लेक्सला जाऊन पैसे वसूल कधी होतात?

आवाजासाठी गेलात तर होतात, नुसत्या मोठ्या पडद्यासाठी नाही. गोरेगावच्या एका स्टुडिओत मी साउंड मिक्सिंग करतो, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवतो, म्हणून सांगतो. तिकीट काढताना ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ लिहिलेला शो निवडा. या ध्वनिव्यवस्थेत छतालाही स्पीकर असतात. पत्र्यावरचा पाऊस खरोखर डोक्यावर कोसळतोय असं वाटतं. आणि सीट फार महत्त्वाची! पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर, अगदी मधोमध. आम्ही मिक्स करताना जवळपास तिथेच बसतो. शेवटच्या रांगेत मागचे स्पीकर कानाशी येतात आणि संवाद दबतात, ती घेऊच नका. मात्र सिनेमाच अ‍ॅटमॉसमध्ये मिक्स झालेला नसेल, तर त्या स्क्रीनसाठी जास्तीचे पैसे घालू नका, साधा शो बघा.