अंदमानचा एक दिवस आणि बारा हप्ते

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात लेखापाल असलेल्या वाचकाने विचारले आहे, की २ ऑक्टोबर २०२६ च्या शुक्रवारला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी पती-पत्नींनी अंदमानच्या स्वराज द्वीपला जावे का, आणि गेल्यास १,०८,००० रुपयांचे दोन रात्रींचे पॅकेज ‘नो कॉस्ट ईएमआय’वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या मासिक हप्त्यांवर घ्यावे की १,६०,००० रुपयांची मुदत ठेव मोडावी. हप्ता जड गेल्यास एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) वर्षभर थांबवण्याची त्यांची तयारी आहे.

आपण अंदमानला जरूर जावे, मात्र ऑक्टोबरमध्ये नको आणि हप्त्यांवरही नको, असे माझे मत आहे.

आधी या रकमेत आपल्या पदरात काय पडते ते पाहू. गुरुवारी रात्री सोलापूरहून बसने सुमारे ३०० किलोमीटरवरचे हैदराबाद, शुक्रवारी सकाळचे विमान, दुपारच्या सुमारास पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम), तेथून दीड-दोन तासांची बोट, असा आपण पाठवलेला कार्यक्रम आहे. अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला असूनही तिथले घड्याळ आपलेच असल्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे सव्वापाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो, म्हणजे सोलापूरपेक्षा तासभर आधी. बोट थोडी जरी रेंगाळली, तरी ज्या राधानगर किनाऱ्यावरच्या सूर्यास्ताचे छायाचित्र पॅकेजच्या पहिल्या पानावर आहे, तो सूर्यास्त आपल्याला बोटीतूनच पाहावा लागेल. रविवारी सकाळी परतीची बोट धरायची असल्याने पूर्ण असा एक शनिवारच उरतो आणि त्यातही हवामानाचा भरवसा नाही, कारण ऑक्टोबरमध्ये तिथला पाऊस सरलेला नसतो आणि समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. पाण्याखाली उतरण्याचा आपला बेत असेल, तर एकाहून अधिक वेळा बुडी मारल्यानंतर निदान १८ तास विमानप्रवास टाळावा, हा नियम शनिवारची संध्याकाळही आखडती करतो. एका दिवसासाठी एक लाख आठ हजार रुपये ही किंमत मला पटत नाही. (हे दिवस पितृपंधरवड्यात येतात, हा आपल्या मातोश्रींचा आक्षेप माझ्या कक्षेबाहेरचा आहे, तो घरातच मिटवावा.)

आता ‘नो कॉस्ट’कडे वळू. एकरकमी भरल्यास तेच पॅकेज १,०२,००० रुपयांत मिळते, असे आपल्याच पत्रात आहे. याचा अर्थ नऊ हजारांच्या बारा हप्त्यांत सहा हजार रुपये व्याज आधीच मिसळलेले आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०८० रुपये, आणि ५०० रुपये प्रक्रिया शुल्क व त्यावरचे ९० रुपये धरले, तर ‘फुकट’ कर्जाची किंमत ७,६७० रुपये होते. मुद्दल दरमहा कमी होत जात असल्यामुळे हा वार्षिक व्याजदर साडेतेरा टक्क्यांच्या पुढे जातो. आपल्या ठेवीवर बँक सात टक्के देते.

शिवाय हा हप्ता आपल्या खिशात मावत नाही. दोघांचे मिळून घरी ६३,००० रुपये येतात. त्यातून गृहकर्ज १९,८००, घरखर्च २४,०००, एसआयपी ५,०००, आईवडिलांची औषधे ३,६००, स्कूटरचा हप्ता ३,४०० आणि वहिनींची, म्हणजे आपल्या पत्नीची, भिशी ३,००० वजा जाता ४,२०० रुपये उरतात. नोव्हेंबरमध्ये स्कूटर फिटल्यावरही शिल्लक ७,६०० च आहे आणि जीएसटी धरून हप्ता सरासरी ९,०९० पडतो. एसआयपी थांबवण्याची कल्पना यातूनच आली आहे, आणि एकदा थांबवलेली एसआयपी वर्षभराने आठवणीने पुन्हा सुरू करणारी माणसे मला माझ्या व्यवसायात थोडीच भेटली आहेत.

ठेव मोडल्यास बँक सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापते. ते सोसता येईल. पण आपला महिन्याचा बांधील खर्च ५८,८०० रुपये असल्याने ही ठेव तीन महिन्यांनाही पुरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा आपल्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला होता, हे आपणच लिहिले आहे. निर्यातीच्या ऑर्डरींवर ज्याचा पगार अवलंबून आहे, त्याने ही ठेव सहलीसाठी मोडू नये.

पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून गेला आहात, की फेब्रुवारीत लग्नाला दहा वर्षे पूर्ण होतील आणि मार्चअखेर अकरा दिवसांची रजा बुडेल. रजा शिल्लक असताना, सगळे जग निघते त्याच तीन दिवसांत चढ्या भाड्याने जाण्याची आपल्याला गरजच नाही. वहिनींचे कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे काम घरूनच चालते. दिवाळीच्या ऑर्डरी आणि जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकल्यावर त्यांनाही सवड मिळेल. सप्टेंबर ते नोव्हेंबर दरमहा ४,२०० आणि डिसेंबर-जानेवारीत ७,६०० वेगळ्या बचत खात्यात टाकल्यास २७,८०० होतात. बोनसच्या १८,००० पैकी दहा हजार दिवाळीला ठेवून आठ हजार आणि जानेवारीत वहिनींच्या नावाने निघणारी भिशी ३६,००० धरली, की ७१,८०० रुपये हाती येतात. भिशीच्या पैशावर पहिला हक्क वहिनींचा आहे, तेव्हा हा आकडा त्यांना विचारूनच पक्का करावा. सत्तर हजारांची मर्यादा घालून, आठवड्याच्या मधल्या दिवसांचे विमान आणि साधे हॉटेल स्वतः ठरवून, फेब्रुवारीत चार रात्रींचा बेत आखावा. तो बसत नसेल तर एक रात्र कमी करावी, पण मर्यादा वाढवू नये.

आपण आगाऊ भरलेल्या ३,००० रुपयांबाबत एजन्सीला आजच लेखी विचारावे, की ती रक्कम फेब्रुवारीच्या तारखेला वळती होईल का. नकार आला, तर ते तीन हजार सोडून द्यावेत.