‘आईला परक्या बाईच्या हाती कसं सोपवू?’

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. “घरी मावशी ठेवायची म्हणजे आईला परक्याच्या हाती सोपवल्यासारखं वाटतं.” कुणाचे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले असतात, कुणाच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश झालेला असतो. घरी रुग्णाची काळजी घ्यायला मावशी पुरवणाऱ्या ब्युरोचा नंबर कुणीतरी दिलेला असतो, पैशांचीही जुळवाजुळव झालेली असते, पण फोन होत नाही. किंवा फोन होतो, मावशी येते आणि आठ दिवसांत जाते. मग सगळे म्हणतात, “हल्ली चांगली माणसं मिळतच नाहीत.”

चांगलं माणूस मिळणं अवघड आहे, हे मी नाकारत नाही. पण इतक्या घरांचं ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे की, मावशी न टिकण्याचं कारण पुष्कळदा मावशीत नसतंच. एका घराची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं मोजकंच इथे देते आहे.

पुण्यातलं घर. घरातले सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. वय चौपन्न, एका कंपनीत हिशेब खात्यात नोकरी. पत्नी शाळेत शिक्षिका, बहीण बडोद्याला. ब्याऐंशी वर्षांच्या आई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. त्यातून मधुमेह. डोकं मात्र लख्ख. दादांनी बिनपगारी रजा घेतली आणि आंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं सगळं स्वतःकडे घेतलं. मधूनमधून ब्युरोकडून मावशी आणल्या. तिघी आल्या, तिघी गेल्या.

“काय कमी पडलं त्यांचं?” मी विचारलं.

“पहिली भरवताना घाई करायची. दुसरी सारखी फोनवर.”

“आणि तिसरी?”

“तिसरीचं तसं काही नव्हतं. पण एकदा मी खोलीत गेलो तर ती आईची वेणी घालत होती. ते काम माझं आहे.” एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले.

त्यात गावाकडच्या मामांनी फोनवर सुनावलं होतं, “बाईवर टाकलंस होय आईला? पोरांवर कायदा आहे आता, माहीत आहे ना?” तो शब्द दादांच्या मनात रुतून बसला होता. मी त्यांना कायदा नीट सांगितला. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. त्याच्या कलम २४ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पण त्या वृद्ध माणसाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्यासाठी आहेत. आईच्या उशाशी प्रशिक्षित माणूस बसवणं म्हणजे काळजी घेणंच. दादांनी मान डोलावली. पण कायदा समजला म्हणून मन हलकं होत नाही, हे मला ठाऊक होतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती हा माझ्या कामाचा कणा आहे. तिच्यामुळे मला एक सवय लागली आहे. माणूस दुःखाचं जे कारण सांगतो त्याच्या मागे कुठला हट्ट उभा आहे, ते मी शोधते. ‘आईचं मी करावं’ ही इच्छा आहे आणि ती सुंदर आहे. ‘आईचं मीच केलं पाहिजे, दुसऱ्याच्या हातून झालं तर मी मुलगा म्हणून नालायक’ हा हट्ट झाला. इच्छा असलेला माणूस मदत घेऊ शकतो. हट्ट असलेला माणूस मदतीला आलेल्या माणसाच्या चुका मोजत बसतो, कारण ते माणूस चांगलं निघालं तर त्याचा हट्टच खोटा ठरतो. दादांना हे पटत होतं, पण घरी गेले की पुन्हा दारात उभं राहून मावशीच्या हातांकडे बघत बसायचं, हे सुटत नव्हतं.

त्यांची एक वही होती. रक्तदाब, साखर, किती वाजता काय खाल्लं, पाणी किती मिलीलिटर, शौच, कूस बदलल्याची वेळ, सगळं रकाने आखून लिहिलेलं. ती दाखवताना त्यांचा चेहरा उजळायचा. एक गोष्ट मात्र त्यांना छळत होती. आईंना दोनदा लघवीचा संसर्ग झाला होता, डॉक्टर पाणी वाढवा म्हणत होते आणि आई पाणी प्यायला तयार नव्हत्या. “परक्या बाया येतात-जातात, तिला संकोच होतो,” असं त्यांचं निदान.

मी आईंना भेटायला घरी गेले. दादांना थोडा वेळ खाली पाठवलं.

“आई, पाणी का पीत नाही?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “प्यायलं की सारखं बदलावं लागतं गं.”

“मग बदलतात ना दादा.”

“तोच बदलतो.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “मी त्याला न्हाऊ घातलंय. आता तो मला उघडं करतो. मी असे डोळे मिटून पडते. एवढं करतो बिचारा, त्याला कोणत्या तोंडानं सांगू? तूही सांगू नकोस.”

घरात इतक्या चर्चा झाल्या होत्या. बडोद्याच्या बहिणीशी, मामांशी, डॉक्टरांशी, ब्युरोशी. ज्यांच्या अंगाला हात लागायचा होता त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची सेवा करतात. त्याची लाज शाबूत आहे हे मात्र विसरतात.

मी शब्द दिला की मी सांगणार नाही. फक्त विचारलं, “त्यांनी स्वतः विचारलं तर खरं सांगाल?”

“विचारलं तर सांगीन.”

पुढच्या भेटीत मी दादांना वही उघडायला लावली. फक्त पाण्याचा रकाना वेगळ्या कागदावर उतरवा आणि समोर त्या दिवशी घरात कोण होतं ते लिहा, एवढंच सांगितलं. ते शांतपणे लिहू लागले. मावशी असतानाचे दिवस, बाराशे, तेराशे. स्वतः असतानाचे दिवस, सहाशे, सातशे. त्यांनी मागची पानं उलटली, पुन्हा बेरजा केल्या. “योगायोग असेल,” म्हणाले. मग आणखी मागे गेले. हिशेबनीस माणूस, स्वतःच्याच अक्षरातले आकडे तो नाकारणार कसा?

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “म्हणजे आईला माझ्यासमोर...” पुढे बोलवेना.

“त्यांना विचारा,” मी म्हटलं.

“कसं विचारू?”

तो एक प्रश्न आम्ही दोघांनी मिळून घडवला. ‘मी करतो ते तुला आवडत नाही का’ असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर कुठलीही आई ‘आवडतं रे’ असंच देणार. विचारायचं ते असं: “आई, आंघोळीला आणि कपडे बदलायला कोण असलं तर तुला बरं वाटेल?” त्या रात्री त्यांनी विचारलं. आई म्हणाल्या, “बाई बघ एखादी. आणि तू संध्याकाळी नुसता बस माझ्याजवळ.”

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला ज्या क्षणांचं खरं समाधान आहे, त्यांतला हा एक. मी दादांचं मन वळवलं नाही. उत्तर त्यांच्याच वहीत होतं, मी फक्त रकाना दाखवला. तिथून पुढे ‘सोपवणं’ हा विषय मिटला, कारण मावशी आता दादांची सोय राहिली नव्हती. ती आईंची मागणी होती.

मग व्यवस्था लावायची राहिली. इथे बहुतेक घरं घाई करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ठरवा, नर्स हवी की मावशी. कॅथेटर, नाकातली नळी, खोल जखमेचं ड्रेसिंग, शिरेतून औषध असेल तर प्रशिक्षित नर्स लागते. एएनएम म्हणजे सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम म्हणजे सर्वसाधारण परिचारिकेचा तीन वर्षांचा असतो आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. ब्युरो कधी कधी पांढरा एप्रन घातलेल्या कुणालाही ‘सिस्टर’ म्हणून पाठवतात, तेव्हा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. आंघोळ, भरवणं, डायपर, चालवणं यांसाठी अनुभवी मावशी पुरते. दादांकडे इन्सुलिन होतं. ते सकाळ-संध्याकाळ दादांनीच द्यायचं ठरलं. आईंना त्याचा संकोच नव्हता.

बारा तास की चोवीस, याचा निर्णय रुग्णाच्या रात्रीवरून घ्या. पेशंट रात्रीतून चार-पाच वेळा उठत असेल तर एकच बाई चोवीस तास ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि पेशंटलाही धोका. झोप न झालेल्या माणसाच्या हातून पेशंट पडतो. तिला झोपायला नीट जागा, वेळेवर जेवण, आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशीची बदली, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. डिपॉझिट, ब्युरोचं कमिशन, न सांगता गैरहजर राहिल्यास काय, हे कागदावर हवं. आधार कार्डाची प्रत घ्या, जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा. दागिने आणि एटीएम कार्ड ती येण्याआधीच कुलपात ठेवा. वस्तू हरवल्यावर मावशीकडे बोट दाखवणं सोपं असतं, आणि तो संशय पुढे कधीच पुसला जात नाही.

आणि कपबशी वेगळी ठेवू नका. मी हे मुद्दाम लिहिते आहे. जी बाई आपल्या आईचं अंग पुसते, तिच्यासाठी कोपऱ्यात वेगळा पेला ठेवणारी सुशिक्षित घरं मी पाहिली आहेत. आडनाव विचारून मग ‘दुसरी पाठवा’ म्हणणारीही पाहिली आहेत. अशा घरात मावशी का टिकावी?

पहिले दोन-तीन दिवस घरातल्या कुणीतरी बरोबर असावं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचा आणि माकडहाडाजवळ लाली दिसते का ते रोज कसं बघायचं, जेवणानंतर अर्धा तास तरी बसतं कसं ठेवायचं, हे दाखवा. नंतर खोलीतून बाहेर या. दादांना हे सर्वांत जड गेलं. त्यांनी पाठीमागून दुरुस्त्या करायच्या नाहीत, सांगायचं ते संध्याकाळी वही बघताना एकदाच सांगायचं, असा नियम आम्ही केला. वही आता मावशी भरते. १०८ चा नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि शेजाऱ्यांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तीही लिहून ठेवलेली बरी.

पैशांचं भावंडांत स्पष्ट बोलावं लागतं. बडोद्याच्या बहिणीला लांबून सूचना करण्याची सवय होती. तिला मी फोनवर एवढंच विचारलं की यातलं तुम्ही काय उचलाल. तिने सुट्टीच्या दिवसाच्या बदली बाईचा खर्च घेतला आणि सूचना आपोआप कमी झाल्या.

चौथी मावशी नांदेडकडची. ती टिकली. दादा कामावर रुजू झाले. संध्याकाळी आल्यावर आईची वेणी तेच घालतात, मग दोघं पत्ते खेळतात. पाणी बाराशेच्या खाली फारसं जात नाही. मामांचा राग अजून गेलेला नाही.

दिवाळीत मावशीला गावी जायचं होतं. दादांनी महिनाभर आधी ब्युरोला सांगून बदली बाई ठरवली आणि तिला आधी एक दिवस भेटायला बोलावलं. या वेळी मुलाखत आईंनी घेतली. दादा बाहेरच्या खोलीत बसले होते. आईंचा पहिला प्रश्न होता, “रात्री घोरतेस का गं?” दुसरा, “गरम पाणी आधी हातावर घेऊन बघतेस ना?” बाईने दोन्हींची उत्तरं दिली, तेव्हा आईंनी दादांना हाक मारून सांगितलं, “चालेल. हिला ठेव.”