‘वाळवंट’ राहू द्या, ‘भटके’ बदला

प्रश्न असा आहे: इथिओपियातल्या दानाकिल या खोलगट प्रदेशाच्या प्रवासाबद्दल लिहिताना तिथल्या अफार लोकांना ‘ज्वालामुखीच्या वाळवंटातले भटके अफार’ असं म्हणावं का? तिथे वाळूपेक्षा काळा कातळ आणि मीठच जास्त दिसलं, आणि ‘भटके’ लिहिताना हात अडखळला, असं विचारणारीचं म्हणणं.

‘वाळवंट’ खुशाल लिहा. मुळात तो नदीकाठच्या वाळूचा शब्द. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तनं रंगतात ते हेच वाळवंट. पण आता आपण लडाखलाही शीत वाळवंट म्हणतो. पाऊस नावापुरता आणि जमीन उजाड, एवढ्यावर शब्द लागू होतो. दानाकिलचा तळ समुद्रसपाटीच्या १०० मीटरहून जास्त खाली आहे आणि तिथल्या दल्लोलला १९६० ते १९६६ या काळात वर्षाचं सरासरी तापमान ३४ अंशांच्या वर नोंदलं गेलं. पायाखालचा काळा कातळ बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद. मात्र मिठाच्या जागेला ‘मिठागर’ म्हणू नका. मिठागरात समुद्राचं पाणी कोंडून मीठ पिकवतात. इथे जमिनीवर साचलेला मिठाचा थर काठ्यांनी उचकटून, तासून त्याच्या लाद्या पाडतात आणि उंटांवर लादतात. या लाद्या, म्हणजे ‘अमोले’, इथिओपियात एके काळी चलन म्हणून चालत.

‘भटके’ मात्र मला मनापासून बदलावासा वाटतो. ‘उन्हाचं कुठे भटकत होतास?’ असं आई विचारते तेव्हा त्यात ‘उगाच’ हा शब्द न उच्चारता आलेला असतो. अफार उगाच फिरत नाहीत. कोणत्या कुळाचं कुरण कोणतं, पाणी कुठे, हे ठरलेलं असतं. वाटेत दोन अफार भेटले की थांबून एकमेकांना खबर देतात: पाऊस कुठे पडला, चारा कुठे आहे, वाटेत परका कोण दिसला. या रीतीला ते ‘दागू’ म्हणतात. मुक्काम हलवायचा झाला की वाकवलेल्या काठ्या आणि चटया उंटावर चढतात. नव्या जागी बायका त्यातूनच घुमटासारखी झोपडी उभी करतात. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बिऱ्हाड.

फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात तेव्हा घोड्यावर असंच बिऱ्हाड असतं, वर कोंबड्या, झोळीत कोकरं. पावसाआधी ते परततात. त्या वाड्यातला, म्हणजे धनगरांच्या तांड्यातला, कुणी ‘भटकायला निघालो’ म्हणणार नाही. ‘मेंढरं घेऊन कोकणात चाललोय’ म्हणेल. (‘भटक्या जमाती’ ही महाराष्ट्रातली सरकारी संज्ञा आहे आणि त्या नावाने लोकांनी हक्कांचे लढे दिले आहेत. तिथे तो शब्द त्यांचा आहे, तो आपण बदलायचा नाही.)

मी ‘फिरते पशुपालक’ लिहीन. फिरतं वाचनालय, फिरता दवाखाना यांतला ‘फिरता’ ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी येतो. तोच अर्थ इथे हवा.

एक आणखी: माणसांना ‘दानाकिल’ म्हणू नका, ते बाहेरच्यांनी दिलेलं नाव. त्यांचं स्वतःचं नाव अफार. आणि ‘हबशी’ही नको, इथिओपियात ती ओळख डोंगराळ पठारावरच्या लोकांची. तेव्हा ओळ अशी होईल: ‘दानाकिलच्या ज्वालामुखी वाळवंटातले फिरते पशुपालक, अफार.’