हरलेला संघ पहिला कसा आला?

मैदानाबाहेरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नातू अमेरिकेत कोलंबसला, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतो. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर त्याचा रडवेला फोन. "आजी, मिशिगनकडून हरलो, सगळं संपलं." मी म्हटलं, बरं झालं, आता तरी अभ्यासाला बस. जानेवारीत त्याचाच फोन, "आजी, आम्ही देशात पहिले!" हरलेला संघ पहिला येतो कसा? की पोरगा मला गुंडाळतोय? आणि दर शनिवारी मॅच बघत बसतो, मग शिकतो कधी?
– एक आजी, गुहागर

उत्तर : आजी, नातू दोन्ही वेळा खरंच बोलला. "सगळं संपलं" हेसुद्धा खोटं नव्हतं, पण ते का, ते शेवटी सांगतो.

हा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि संघ कॉलेजांचे. त्यांचा नेहमीचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि नोव्हेंबर संपता संपता आटोपतो. सामने फक्त १२. आपल्याकडे भात पोटरीला येण्याआधी सुरुवात आणि झोडणी संपेपर्यंत खेळ खलास. इतक्या थोड्या सामन्यांत एक पराभवही महागात पडतो. पूर्वी, म्हणजे २०१४ पासून २०२३ पर्यंत, राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत चारच संघ घेत. त्या दहा वर्षांत दोन सामने हरलेल्या एकाही संघाला आत घेतलं नाही.

२०२४ पासून तिथे १२ संघ घ्यायला लागले, आणि नेमकं त्याच वर्षी तुमच्या नातवाचा संघ दोनदा हरला. ऑक्टोबरात ओरेगॉनकडून ३२-३१, एका गुणाने. मग ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून १३-१०, तेही स्वतःच्या मैदानावर, लाखभर लोकांसमोर. मिशिगनचं ते वर्ष अगदी सुमार चाललं होतं, आणि ओहायो स्टेट देशात दुसऱ्या नंबरावर. शेवटची ४५ सेकंदं उरली असताना मिशिगनने लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीन गुण घेतले. सामना संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, त्यावरून हाणामारी झाली, पोलिसांना मिरीचा फवारा मारावा लागला. नातू रडवेला झाला यात नवल नाही.

पण १२ जणांत त्यांना आठवं स्थान मिळालं. पहिल्या फेरीत टेनेसीला ४२-१७ ने घरी पाठवलं. १ जानेवारीला पुन्हा ओरेगॉनच समोर, तोवर एकही सामना न हरलेला, अव्वल मानांकित. त्याच्यावर एका टप्प्याला ३४-० अशी आघाडी होती, शेवट ४१-२१. मग टेक्सास २८-१४, आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात अंतिम सामन्यात नोत्र दाम ३४-२३. गंमत म्हणजे पहिल्या चार मानांकितांना पहिली फेरी न खेळता पुढे चाल मिळाली होती, आणि ते चौघेही आपला पहिलाच सामना हरले. आयतं मिळालेलं पचलं नाही म्हणा.

अभ्यासाचं म्हणाल तर नातू खेळत नाही, बघतो. बारापैकी आठ सामने त्यांच्या घरच्या मैदानावर होते. शनिवारचा एक दिवस गेला तर आकाश कोसळत नाही. उरलेल्या सहा दिवसांचा हिशेब मात्र बेलाशक मागा.

आता "सगळं संपलं". ओहायो आणि मिशिगन ही शेजारची राज्यं, आणि त्या सामन्याचं खातं ते वेगळंच ठेवतात. २०२४ चा हा मिशिगनकडून झालेला सलग चौथा पराभव होता. राष्ट्रीय चषक आला म्हणून तो पुसला जात नाही. चषकाच्या महिनाभर आधी त्याच प्रशिक्षकाला, रायन डे यांना, हाकला म्हणून ओरडणारे लोक होते. मला स्वतःला हे जरा अतीच वाटतं, पण भाऊबंदकी कशाला म्हणतात हे कोकणात मी कोणाला शिकवू?

प्रश्न : मी कबड्डी खेळतो. हा खेळ रील्सवर बघतो तेव्हा दर पाच सेकंदांनी सगळे थांबतात, घोळका करतात, पुन्हा ढकलाढकली. यात डोकं कुठे लागतं?
– एक खेळाडू, दापोली

उत्तर : दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीला तुमच्या पोटात जो गोळा येतो ना, तोच इथला खेळ. चार संधींत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरहून जरा जास्त, पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू समोरच्याला. घोळका होतो तो पुढची चाल ठरवायला.

वर सांगितलेला अंतिम सामना घ्या. ओहायो स्टेट ३१-७ ने पुढे होता, नोत्र दामने ते ३१-२३ वर आणलं. फरक आठ. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्याचे, सहा आणि जादा प्रयत्नाचे दोन मिळाले की बरोबरी. तीनेक मिनिटांहून कमी वेळ, ओहायोची तिसरी संधी, आणि जायचंय अकरा यार्ड. शहाणा माणूस इथे चेंडू पोटाशी धरून घड्याळ संपवेल. त्यांनी लांब फेकला. विल हॉवर्डने टाकला, पहिल्या वर्षाला असलेल्या जेरेमाया स्मिथने कडेला धावत झेलला, ५६ यार्ड. सामना तिथे संपला, नंतरचे तीन गुण नुसते शिक्कामोर्तब. यूट्यूबवर ती फेक हळू करून बघा, चेंडूकडे नको, बचाव करणाऱ्याच्या पायांकडे बघा. कबड्डीवाल्याला लगेच कळेल तो कुठे फसला.

प्रश्न : कॉलेजच्या या पोरांना पैसे मिळतात म्हणे?
– एक वाचक, मालवण

उत्तर : मिळतात. जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मुभा आली. जुलै २०२५ पासून विद्यापीठही आपल्या कमाईतला वाटा थेट देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्याआधी कित्येक दशकं पोरांना शिष्यवृत्ती आणि जेवणखाण, आणि प्रशिक्षकांना लाखो डॉलर असाच मामला होता.